राज्य बदललं, आता बंदुकीच्या परवान्याचं काय?

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ते, पीक विमा, रेशन असं सगळं बोलतो. आज एक असा विषय घेतो आहोत, जो बैठकीत सहसा निघत नाही, पण आपल्या वरूड तालुक्यात बऱ्याच घरांशी त्याचा संबंध येतो. विषय आहे बंदुकीचा परवाना. त्यातही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला आलं, तर त्या परवान्याचं काय करायचं, हा.

तुम्ही म्हणाल, बंदुकीशी आपलं काय काम? तर बघा. आपला तालुका मध्य प्रदेशाला लागून आहे. एका बाजूला पांढुर्णा, दुसऱ्या बाजूला बैतूल जिल्ह्यातलं मुलताई. सोयरिकी तिकडच्या, वावरं तिकडं, बाजार इकडं. लेकी तिकडून इकडे येतात, इकडून तिकडे जातात. कुणाचे सासरे, कुणाचे वडील वावराच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगून असतात. संत्र्याच्या बगीच्यात, तुरीच्या, हरभऱ्याच्या वावरात रानडुकरं आणि रोही घुसतात, म्हणून जागलीला जाणारा माणूस बंदुकीचा विचार करतो. आणि घर हललं की सामानासोबत ती बंदूकही हलते. टीव्ही, कपाट, भांडी यांना कुणी विचारत नाही. बंदुकीला मात्र कायदा विचारतो.

पहिली गोष्ट पक्की समजून घेऊ. बंदुकीचा परवाना एका माणसाच्या नावानं असतो. तो घराचा नसतो, कुटुंबाचा नसतो. नवऱ्याच्या नावचा परवाना आहे म्हणून बायकोनं किंवा मुलानं ती बंदूक घेऊन वावरात जायचं, हे चालत नाही. ज्याचं नाव परवान्यावर नाही त्याच्या हातात ती बंदूक बेकायदाच ठरते. आपल्या देशात हा सगळा कारभार 1959 च्या शस्त्र कायद्यानं चालतो. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्याचे आत्ताचे नियम 2016 सालचे आहेत, आणि 2019 साली कायद्यात मोठे बदल झाले.

दुसरी गोष्ट, परवान्यावर तो कुठल्या भागात चालतो ते लिहिलेलं असतं. कुणाचा जिल्ह्यापुरता, कुणाचा राज्यापुरता, कुणाचा पूर्ण भारतासाठी. घरात परवाना असेल तर आजच काढा आणि ही ओळ वाचा. समजा, परवाना फक्त मध्य प्रदेशापुरता आहे. मग ती बंदूक घेऊन सीमा ओलांडली, तर वरूडच्या हद्दीत तो परवाना तुम्हाला वाचवू शकत नाही. मुलताईत जी वस्तू कायदेशीर होती, ती इकडे आल्यावर गुन्ह्याची होते. विनापरवाना बंदूक बाळगली तर 2019 च्या बदलानंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. म्हणून सामानाच्या गाडीत बंदूक टाकण्याच्या आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात जायचं, क्षेत्र वाढवून घ्यायचं किंवा नेण्याची परवानगी घ्यायची. ते होईपर्यंत बंदूक तिकडच्याच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा ठेवायची आणि पावती घ्यायची.

आता परवाना पूर्ण भारताचा आहे असं धरा. मग काहीच करायचं नाही का? करायचं आहे. राहण्याचं ठिकाण कायमचं बदललं, किंवा सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवसांसाठी बदललं आणि बंदूक सोबत आणली, तर 30 दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. दोन ठिकाणी कळवायचं. एक, जिथून परवाना मिळाला त्या जुन्या जिल्ह्याला. दोन, नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला. वरूड तालुक्यासाठी हा अधिकारी म्हणजे अमरावतीचे जिल्हाधिकारी. अमरावती शहरात राहायला गेलं तर तिथं पोलीस आयुक्त. त्यांनी मागितलं की परवाना आणि बंदूक दोन्ही दाखवायची, म्हणजे ते नवा पत्ता नोंदवतात आणि पुढचं नूतनीकरणही त्यांच्याकडेच होतं.

सोबत काय न्यायचं? मूळ परवाना आणि त्याच्या झेरॉक्स प्रती. नव्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे आधार, वीजबिल, भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती. फोटो. बंदूक खरेदीची पावती असेल तर ती. परवान्यावर एक ओळख क्रमांक असतो, त्याला यूआयएन म्हणतात. देशातल्या सगळ्या परवान्यांची नोंद आता एका संगणकीय यादीत आहे आणि तिथं हा क्रमांक लागतो. जुन्या कागदी परवान्यावर तो नसेल तर तो परवाना चालत नाही, ही गोष्ट कार्यालयात सगळ्यात आधी विचारून घ्या. नवा जिल्हा जुन्या जिल्ह्याकडून ना-हरकत मागवतो, आणि आपल्या इथल्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. त्याला वेळ लागतो. म्हणून आपण दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, शिक्का आणि तारखेसह, जपून ठेवायची. 30 दिवसांत कळवलं होतं हे दाखवायला तीच पोच कामी येते.

काही जणी विचारतात, इथं येऊन नवाच परवाना काढला तर? तोही मार्ग आहे. वय 21 पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो. शरीर आणि मन ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, आणि घरी कुलपात कसं ठेवणार तेही सांगावं लागतं. शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी वीस इंचांपेक्षा आखूड नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक, यांच्यासाठी कायदा थोडा मोकळा आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागायचं तर जिवाला धोका आहे असं सबळ कारण दाखवावं लागतं. शेजारणीच्या नवऱ्याकडे आहे, हे कारण होत नाही.

इथं आपल्या कामाची एक गोष्ट आहे. तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. सात-बारा सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून बाईचा अर्ज घेत नाही, असं कुणी म्हटलं तर ही गोष्ट आठवा. परवाना नाकारला तर कारण लेखी मागता येतं. आणि त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. आपले आयुक्त अमरावतीलाच बसतात.

2019 नंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली, आधी ती तीन वर्षं होती. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या. वडिलोपार्जित असली तरी हीच मर्यादा. मुदत संपायच्या दोन महिने आधीच नूतनीकरणाला लागा. घर बदलण्याच्या गडबडीत मुदत संपली तर नुसती पेटीत पडलेली बंदूकही अडचणीची होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे बाईनंच ऐकायला हवं. परवानाधारक वारला तर? घरात दहावं-तेरावं चाललेलं असतं, कुणाला बंदुकीची आठवण राहत नाही. ती कपाटात, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागं पडून राहते. पण ज्या दिवशी परवानाधारक गेला, त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवणाऱ्याकडे परवाना नसतो. घरात राहणारी बाई त्यात अडकू शकते. म्हणून विनाविलंब ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. जमा केली म्हणजे गेली, असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो, किंवा परवाना असलेल्या माणसाला ती विकून पैसे घेता येतात. मुदतीत काहीच केलं नाही तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. वारस म्हणून बायको, मुलगी, सून यांनाही अर्ज करता येतो. परवानाधारक 70 वर्षांचे झाले असतील, किंवा त्यांच्याकडे बंदूक 25 वर्षं असेल, तर ते जिवंत असतानाही वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. वडील मुलताईला आणि लेक वरूडला, अशी स्थिती असेल तर दोन्ही जिल्ह्यांची कार्यालयं त्यात येतात. तेव्हा वडील धडधाकट असतानाच विषय काढलेला बरा.

आता वावरातल्या प्राण्यांबद्दल. बंदुकीचा परवाना आहे म्हणजे रानडुक्कर किंवा रोही मारायची मुभा मिळाली, असं समजू नका. ही दोन्ही जनावरं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. म्हणजे बंदुकीचा कागद महसूल आणि पोलिसांकडचा, जनावराचा कागद वन खात्याचा. एक असून दुसरा नसेल तर उपयोग नाही. आणि नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वन कार्यालयात अर्ज द्या, फोटो काढून ठेवा, पंचनामा करून घ्या. भरपाई मिळते ती कागदावर. बगीच्याच्या तारेत करंट सोडणं मात्र कधीच करू नका. डुकराआधी पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस त्यात सापडतो.

घरात बंदूक येते तेव्हा तिच्यासोबत घरातल्या बाईची काळजीही येते. ती वेगळ्या कुलपात ठेवली का, गोळ्या वेगळ्या ठेवल्या का, किल्ली पोराच्या हाती तर लागत नाही ना, हे विचारणं आपला हक्क आहे. लग्नाच्या वरातीत, जत्रेत, मिरवणुकीत ती न्यायची नसते. आनंदात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद 2019 मध्ये आली. दारू पिऊन बंदूक दाखवून धमकावणारा माणूस घरात असेल, तर गप्प बसू नका. 112 वर किंवा महिला मदतवाहिनी 181 वर फोन करा. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्जही देता येतो. लोकांच्या सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. बाई एकटी जायला घाबरत असेल तर गटातल्या दोघीतिघी सोबत जा. आपण गट कशासाठी बांधले?

बंदूक चोरीला गेली किंवा हरवली तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवा, नाहीतर उद्या तिच्याकडून काही घडलं तर विचारणा आपल्याच दाराशी येते. निवडणुकीच्या काळात ज्यांना शस्त्र जमा करायला सांगितलं जातं, त्यांनी ते जमा करून पावती घ्यावी आणि निवडणूक झाल्यावर परत आणावं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत कर्जाचे हप्ते मोजून झाले की हा एक विषय काढा. कुणाच्या घरी बंदूक आहे हे सगळ्यांसमोर विचारायचं नाही, ते चोराला सांगितल्यासारखं होतं. फक्त सगळ्याजणींनी घरी जाऊन चार गोष्टी पाहायच्या. परवाना कुणाच्या नावानं आहे. कुठल्या भागात चालतो. मुदत कधी संपते. आणि त्यावर लिहिलेला पत्ता आपण आज राहतो तोच आहे का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याच आठवड्यात अर्ज लिहायला बसा. अर्ज लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवताई लिहून देतील, आम्हीही मदत करू. कागद नीट असला की रात्री वावरातून काही आवाज आला तर माणूस निदान कायद्याच्या भीतीनं तरी जागा राहत नाही.

पुढच्या वेळी पिकाच्या नुकसानीचा पंचनामा कसा करून घ्यायचा, ते सविस्तर बोलू. नमस्कार.