जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला, पण पुढे तो जातो कुठे?

नवा फोन कुठपर्यंत आला हे आपण दहा वेळा ट्रॅक करतो. पण डिलिव्हरीवाला जुना फोन घेऊन गेला की विषय संपतो. ग्राहकाकडून कंपनीकडे होणाऱ्या या उलट्या प्रवासाला रिव्हर्स लॉजिस्टिक्स म्हणतात. त्यात आपला डेटाही अडकलेला असतो, म्हणून मला हे समजून घेणं गरजेचं वाटतं.

फोनसमोरचे तीन रस्ते

आधी स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा, आयएमईआय तपासतात. फोन चांगला असेल तर दुरुस्त करून 'रिफर्बिश्ड' म्हणून विकतात. बिघडलेला असेल तर चालू पार्ट काढतात. अगदीच मेलेला असेल तर रिसायकलिंग.

हाच क्रम का? फोनमुळे होणारं बरंचसं प्रदूषण तो बनवतानाच होऊन गेलेलं असतं. रिसायकलिंगमधून तांबं, सोनं, चांदी परत मिळते, पण चिप बनवायला लागलेली वीज परत मिळत नाही. म्हणून फोन जितका जास्त वापरला जाईल तितकं चांगलं.

तरी हा कचरा किती मोलाचा असतो बघा. टोकियो २०२० ऑलिम्पिकसाठी जपानने ७८,९८५ टन जुनी उपकरणं आणि ६२ लाखांवर मोबाईल गोळा केले. त्यातून सुमारे ३२ किलो सोनं निघालं आणि जवळपास ५,००० पदकं बनली!

आपल्याकडे नियम काय?

१ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. आधी विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्श्याचं रिसायकलिंग नोंदणीकृत रिसायकलरकडून करून घेणं कंपन्यांना बंधनकारक आहे. २०२५-२६ साठी हा हिस्सा ७० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. पण भंगारात गेलेला फोन अनेकदा अशा ठिकाणी पोहोचतो जिथे वायर जाळून तांबं आणि ॲसिड वापरून सोनं काढतात. तो धूर तिथल्या कामगारांच्या छातीत जातो.

फोन देण्याआधी मी काय करतो?

१. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतो.
२. यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडतो.
३. गूगल अकाउंट काढतो, मगच फॅक्टरी रीसेट करतो. अकाउंट राहिलं तर पुढच्याला फोन लॉक दिसतो.
४. सिम आणि मेमरी कार्ड काढतो.
५. *#०६# डायल करून मिळालेला आयएमईआय पावतीशी जुळवतो.

बॅटरी फुगली असेल तर फोन चार्ज करू नका, दाबू नका, कुरिअरनेही पाठवू नका. आग लागू शकते. थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

आणि ड्रॉवरमध्ये पडलेला जुना फोन? त्याची किंमत दर महिन्याला घटतेय. आजच बाहेर काढा.