झपझप चालणे आणि बोलण्याचा श्वास

चालणे हा सुलभ व्यायाम होय, हे सर्वमान्य आहे. परंतु हृदयास व फुप्फुसांस व्यायाम घडेल अशी चाल कोणती, याचा निर्णय ‘भरभर’, ‘झपझप’ या क्रियाविशेषणांवरून होत नाही. तरुणाची रमतगमत चाल वृद्धास झपझप वाटते. याचे एक उपयुक्त गमक प्रत्येकाच्या बोलण्यातच आहे.

आपण बोलतो ते उच्छ्वासावर. बोलताना श्वास त्वरेने घेतला जातो व उच्छ्वास लांबविला जातो. चालीचा वेग वाढला की स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो, श्वसन जलद होते आणि उच्छ्वास लांबविण्यास अवसर उरत नाही. गाताना स्वर दीर्घकाळ धरावे लागतात. म्हणून प्रथम गाणे अशक्य होते. पुढे वाक्यही अर्थानुरोधी विरामाची वाट न पाहता मध्येच तुटू लागते. सारांश, बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम श्रमाची चाल. चार-दोन शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागला, तर श्रम तीव्र समजावेत.

प्रौढांच्या बाबतीत ही मध्यम चाल साधारणतः मिनिटास १०० पावलांची असते. जेवणानंतरची सावकाश शतपावली तिची जागा घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, अथवा त्याच्या निम्मा वेळ तीव्र श्रम, सुचविले आहेत. छातीत कळ आली किंवा भोवळ वाटली, तर मात्र गमक पाहत न बसता तत्काळ थांबावे व वैद्यकीय साहाय्य घ्यावे.