परसातले घर आणि पायाखालची माती

आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्यात गेले. स्थापत्यशास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. जे थोडे कळते ते पुस्तके चाळून आणि गवंड्यांजवळ बसून. तरीही या विषयावर बोलायला उभे राहिलो, याला कारण एक घर आहे. आमच्या एका सहकाऱ्याने निवृत्त होताच भविष्यनिर्वाह निधीचा सारा पैसा घालून परसात मुलासाठी दोन खोल्या बांधल्या. पहिल्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंत तिरकी तडकली. पुढच्या पावसाळ्यात दार लागेना. गवंड्याने सिमेंट खाल्ले, असे तो म्हणू लागला, आणि आम्हीही तेच मानले. गवंडी निर्दोष होता. दोष मातीचा, आणि ती न पाहणाऱ्या आम्हा सर्वांचा.

वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणण्याची आपली जुनी वहिवाट आहे. आज शहरे वाढली आणि काळीचे प्लॉट पडले. ही काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. घराच्या मध्याखाली ओल टिकते, कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे वरखाली होते. या ओढाताणीत भिंत तडकते.

‘एवढेसे घर, त्याला कसली माती तपासायची?’ असे पुष्कळ जण विचारतात. हा समज उलटा आहे. फुगणारी माती वर रेटते तेव्हा तिला दाबून धरायला वजन लागते. ते जड इमारतीजवळ असते, दोन खोल्यांजवळ नसते. म्हणून गरिबाच्या हलक्या घरालाच ही माती अधिक छळते.

मग पाहावे काय? प्रथम वैशाखात जागेवर जावे. जमिनीला भेगा पडल्या असतील, तर त्यांत काठी घालून खोली पाहावी. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंती पाहाव्यात. परसात पूर्वी विहीर, संडासाचा खड्डा किंवा उकिरडा बुजवला होता का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. भरावाची जमीन सारखी बसत नाही. मोठे झाड आणि सांडपाण्याचा शोषखड्डा यांचीही नोंद घ्यावी, कारण एक ओल शोषते आणि दुसरा ओल सोडतो.

नंतर एकाहून अधिक ठिकाणी खड्डे घेऊन थर पाहावेत: काळी माती किती, मुरूम कुठे लागतो. येथे एक बजावून सांगतो. दीड मीटरहून खोल खड्ड्यात बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणालाही उतरवू नये. जुन्या घराच्या पायाला लागून तर खणूच नये. माती ढासळून मजूर दबतात. घर त्यांच्या जिवावर उभे राहता कामा नये.

फुगण्याची परीक्षा सोपी आहे. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती एका मोजनळीत पाण्यात आणि तितकीच दुसरीत रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. तेथे ती १० घनसेंटीमीटर भरली आणि पाण्यात १६ भरली, तर फुगवटा ६० टक्के झाला. ५० टक्क्यांपुढे गेली की सावध व्हावे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होऊ शकते. घरच्या प्रयोगाने केवळ अंदाज येतो.

मुरूम जवळ असेल, तर पाया थेट त्यावर न्यावा. काळी माती खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रूढ केलेले, बुडाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब उपयोगी पडतात. ते सहसा साडेतीन मीटर किंवा अधिक खोल जातात, म्हणजे ऋतूंच्या हालचालीखाली. त्यांवरील तुळई आणि जमीन यांत पोकळी ठेवतात. जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरावा, घराभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी आणि छपराचे पाणी दूर न्यावे. पायाचा निर्णय मात्र जाणत्या अभियंत्याकडूनच घ्यावा.

आमच्या सहकाऱ्याने खड्डा घेतला तो भिंत तडकल्यानंतर. त्या गवंड्याची त्याने माफी मागितली, आम्हीही मागितली. ज्यांचे घर अजून कागदावर आहे, त्यांनी तो खड्डा आधी घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.