मुंबई–लंडन हवाई अंतर व उड्डाणकाल

मुंबई–लंडन हवाई अंतर व उड्डाणकाल : मुंबई व लंडन या शहरांमधील भूपृष्ठावरील किमान अंतर सु. ७,२०० किमी. (सु. ३,८९० सागरी मैल) आहे. हे अंतर स्थिर असले, तरी ते कापण्यास लागणारा काल मार्ग, वारे व आकाशाखालील देशांची राजकीय स्थिती यांनुसार बदलतो.

पृथ्वी जवळजवळ गोल असल्यामुळे दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा, अर्थात पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळाचा, कंस होय. मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर ही दोन शहरे सरळ रेषेने जोडल्यास ती रेषा दक्षिण इराण, इराक व तुर्कस्तान यांवरून जाते. पण हा मार्ग सु. १९० किमी.ने लांबचा ठरतो. खरा कंस तिच्या उत्तरेकडून, कराचीजवळून इराण, काकेशस, युक्रेन, पोलंड व जर्मनी असा जातो. नकाशाच्या सवयीमुळे तो वाकडा भासतो. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिल्यास मात्र शंका उरत नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. त्या काळी विमानाचा पल्ला हीच मुख्य अडचण होती. जेट विमानांनी पुढे ती दूर केली.

आजची अडचण वेगळी आहे. प्रत्येक देशाचे आपल्या हवाई क्षेत्रावर पूर्ण सार्वभौमत्व असते. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने व पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले क्षेत्र बंद केले. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी वाहतुकीस बंद झाले. अशा वळशांमुळे इंधन व वेळ अधिक लागतो. तथापि त्यांस निव्वळ अपव्यय म्हणता येत नाही : १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले.

वाऱ्यांचा परिणामही मोठा असतो. मध्य अक्षवृत्तांत सु. ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. हिवाळ्यात ते अधिक प्रबळ होतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किमी. व वारा सर्वत्र ताशी १०० किमी. मानल्यास लंडनकडे जाण्यास ९ तास, तर परतण्यास ७ तास १२ मिनिटे लागतील. वारा नसता, तर दोन्ही फेऱ्या मिळून १६ तास लागले असते. म्हणजे परतीचा लाभ जातानाचा तोटा पूर्णपणे भरून काढीत नाही.

वेळापत्रकातील काल याहून अधिक असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचे सरकणे, चढण, उतरण्यापूर्वीची प्रतीक्षा हे सारे धरलेले असते. सामान्यतः लंडनकडे जाण्यास साडेनऊ ते दहा तास लागतात, परतीस सु. पाऊण तास कमी लागतो. वेळापत्रकात दिलेल्या वेळा स्थानिक असतात, हेही लक्षात घ्यावे लागते. लंडनची घड्याळे भारताच्या मागे हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास असतात. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला पोहोचते, तेव्हा तेथे त्याच दिवशीचे सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात.