सलग 15 वर्षं न हरणारा संघ

वारणानगरला दरवर्षी 13 डिसेंबरला, तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला, कुस्त्यांचं मैदान भरतं. वारणाकाठच्या गावागावांतून माणसं लोटतात. आयुष्यात कधी लंगोट न बांधलेलेही त्यांत पुष्कळ असतात. प्रत्येक डाव त्यांना कळतोच असं नाही. पण नंबर एकच्या जोडीत कुणाची पाठ अजून मातीला लागलेली नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आज तरी तो पडतो का, एवढं बघायला ती माणसं शेवटच्या कुस्तीपर्यंत जागा सोडत नाहीत.

मुंबईच्या क्रिकेट संघानं हीच उत्सुकता साऱ्या देशात 15 वर्षं जागती ठेवली. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत रणजी करंडक दरवर्षी मुंबईनंच जिंकला. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सर्वाधिक दबदबा न्यूयॉर्क यँकीजचा, पण त्यांचीही ओळीनं अजिंक्यपदं 1949 ते 1953 अशी पाचच. मुंबईच्या तिप्पट मोठ्या साखळीचं नवल कितीही केलं तरी थोडंच.

वारणानगरचा कोल्हापूर जिल्हा रणजीत महाराष्ट्र संघाकडे येतो, मुंबईकडे नाही. 1948 साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राचे आणि जन्मानं कोल्हापूरचे. 1970-71 च्या अंतिम सामन्यात तर मुंबईसमोर महाराष्ट्रच उभा होता. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर तेव्हा वेस्ट इंडीज दौऱ्यावर होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या संघानं करंडक राखला. बिनीचे खेळाडू नसतानाही जिंकणाऱ्या संघाचं कौतुक हरलेल्या बाजूच्या माणसालाही वाटतं, आणि ते वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

रोज क्रिकेट न पाहणाऱ्याला डझनावारी संघांचा हिशेब ठेवणं जमत नाही. अजिंक्य संघ असला की एकच नाव लक्षात ठेवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: यंदा काय झालं? बातमीदाराचंही काम सोपं होतं, कारण गेल्या वर्षीची गोष्ट वाचकाला आधीच माहीत असते. या प्रकाशात पद्माकर शिवलकरांसारखा गोलंदाजही घरोघरी पोचला. कसोटी खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. पण 1972-73 च्या अंतिम सामन्यात, चेन्नईच्या फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर, त्यांनी तमिळनाडूचे 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले. सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला.

सततच्या विजयांनी खेळ कंटाळवाणा होतो, असं जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. प्रत्येक विजयानं पुढच्या पराभवाची किंमत वाढत जाते. 1974 मध्ये बंगळूरला उपांत्य सामन्यात कर्नाटकानं मुंबईला रोखलं. वाडेकर धाव घेताना घसरून धावबाद झाले, ही हकीकत जुने रसिक आजही सांगतात. त्याच हंगामात राजस्थानला हरवून कर्नाटकानं पहिल्यांदा करंडक उचलला, पण लोकांच्या तोंडी राहिला तो उपांत्य सामनाच. 1991 मध्ये वानखेडेवर कपिल देवच्या हरियाणानं अंतिम सामन्यात मुंबईला फक्त 2 धावांनी हरवलं. दिलीप वेंगसरकर 139 धावांवर नाबाद राहिले. हरियाणाचा तो आजवरचा एकमेव रणजी करंडक, आणि त्याची कहाणी सांगताना कुणीही सुरुवात करतो ती मुंबईच्या नावानंच.