गाणं लावणार कोण?

घरात गाण्याचं यंत्र आलं की ते घरातल्या पुरुषाचं होतं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलायचा मान सासऱ्यांचा. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं ते थोरल्या दिरांनी. आणि सीडीला तर हातच लावायचा नाही, बोटांचे ठसे उमटतात ना! बाईच्या वाट्याला यायचा तो स्वयंपाकघरातल्या फळीवरचा ट्रान्झिस्टर. पण तो मात्र अगदी तिचा एकटीचा. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि पुढे कितीतरी बायकांच्या पोळ्या त्या आवाजावर लाटल्या गेल्या. कणकेचे हात असले तर मनगटाने बटण फिरवायचं, की गाणं सुरू. कुणाला विचारायला नको, कुणाची वाट बघायला नको.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या बऱ्याच घरांत चाललेला एक वाद. गाणी कॉम्प्युटरवरून ऐकायची, की त्यासाठी वेगळा 'स्ट्रीमर' घ्यायचा? ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. स्ट्रीमर म्हणजे डब्याएवढं एक छोटं यंत्र. घरातल्या वायफायवरून ते इंटरनेटवरची गाणी थेट ओढून घेतं आणि आपल्या जुन्याच अॅम्प्लिफायरला किंवा स्पीकरला देतं. बस्स, एवढंच काम. त्यावर ना पत्र लिहिता येत, ना विजेचं बिल भरता येत.

आमच्या घरी या वादाला आधी तोंडच फुटलं नव्हतं, कारण हॉलमध्ये नवऱ्याचा कॉम्प्युटर ठाण मांडून बसला होता. आणि खरं सांगायचं तर त्याने त्यावर केलेलं काम कौतुकाचं आहे. घरातल्या झाडून सगळ्या सीडी त्याने त्यात उतरवल्या. तासाभराच्या एका सीडीला सहाशे एमबीहून जास्त जागा लागते. पण 'फ्लॅक' नावाच्या पद्धतीने साठवलं तर आवाजातला कणही न गमावता ती साधारण निम्म्यावर येते. म्हणजे पाचशे सीडींचा संसार दोनशे जीबीत मावतो! कॅसेटचं काम याहून चिकाटीचं. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. तीन हिवाळे तो रविवारी सकाळी हेच करत होता. त्यात माझ्या आजीच्या ओव्यांची एक कॅसेट होती, माझ्या मावशीच्या लग्नात कुणीतरी टेप केलेली. मागे बांगड्या वाजतायत, कुणी चहा विचारतंय... जगातली कुठलीही कंपनी मला हे ऐकवू शकणार नाही. ते फक्त आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

कॉम्प्युटरचा दुसरा गुण म्हणजे नावं नीट लिहून ठेवता येतात. आपल्या गाण्यांना नुसता गायक पुरत नाही हो! कवी हवा, संगीतकार हवा, नाटक कुठलं, राग कुठला, हे सगळं हवं. गीतरामायणाचंच घ्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमांची ही ५६ गीतं प्रसारित झाली, ती वेगवेगळ्या गायक-गायिकांच्या आवाजात. त्यात माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते. पुढे घरोघर पोचलं ते बाबूजींच्या आवाजातलं. हा फरक आपल्या कॉम्प्युटरवर आपल्याला हवा तसा नोंदवता येतो. इंटरनेटवरच्या गाण्यांच्या दुकानात मात्र जे लेबल लावलेलं असेल तेच गोड मानून घ्यायचं.

मग अडलं कुठे?

अडलं ते असं. नवरा कामानिमित्त तीन महिने बंगळुरूला गेला आणि घरातलं गाणं बंद पडलं. लेक तिच्या फोनवर, कानात बोंडं घालून. मी दिवसभर ऑफिसात. घरी राहिल्या सासूबाई, वय वर्षे एकोणऐंशी. त्यांचा ट्रान्झिस्टर केव्हाच मोडीत गेला होता आणि 'आता सगळं कॉम्प्युटरवर आहे की' म्हणून कुणी नवीन आणला नव्हता. एका दुपारी मी सुट्टीवर घरी होते, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "अगं, आताशा गाणं ऐकायला परवानगी लागते."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्तच टोचलं. मी मनाशी पायऱ्या मोजल्या. कॉम्प्युटर सुरू करायचा, पासवर्ड टाकायचा, मध्येच तो 'अपडेट' म्हणून पाच मिनिटं रुसून बसणार ते सोसायचं. मग माऊस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नीट न दिसणारी ती मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. मग फोल्डर, त्यात फोल्डर. एवढं करून किशोरीताईंची आलापी रंगात यावी आणि कुणाचं तरी ई-मेल आल्याची 'टुंग' स्पीकरमधून खणखणीत वाजावी! पाच हजार गाणी घरात आणि ऐकणारी बाई गप्प.

नवरा परतल्यावर विषय निघाला. त्याचं म्हणणं, "स्ट्रीमर म्हणजे दुसरं काय? कॉम्प्युटरच. त्यातलं निम्मं सामान काढून टाकलेला." तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. त्या डब्याच्या आतही छोटा कॉम्प्युटरच असतो. हौशी मंडळी तर २०१२ साली आलेला रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर घेऊन, त्यावर व्होल्युमिओसारखी प्रणाली टाकून घरच्या घरी स्ट्रीमर बनवतात. पण लेकीने एका वाक्यात निकाल लावला. "बाबा, जे काढून टाकलंय ना, त्याचेच पैसे द्यायचेत!"

आता आवाजाचं काय, हा प्रश्न येतोच. दुकानदार तिथेच आपल्याला पकडतात. तर गाण्याची फाइल म्हणजे शेवटी आकडे. त्या आकड्यांचा आवाज करणारा जो भाग असतो त्याला 'डॅक' म्हणतात. कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून थेट स्पीकर जोडला तर कधी कधी आतल्या विजेची बारीक खरखर ऐकू येते, लॅपटॉपला चार्जर लावला की गुंईऽऽ असा सूर लागतो, पंख्याची घरघर असते ती वेगळीच. पण बाहेरचा चांगला डॅक जोडला की यातली बरीचशी कुरकुर जाते. लेकीने घरी परीक्षाच घेतली. दोन्ही यंत्रं एकाच डॅकला जोडली, आवाजाची पातळी सारखी केली, वर ओढणी टाकली आणि बाबांना पाठ करून बसवलं. एकच नाट्यगीत दोन्हीकडून चार-चार वेळा. बाबांना ओळखता आलं नाही! आवाजातला मोठा फरक पडतो तो स्पीकर कसा आहे आणि खोलीत कुठे ठेवलाय यावर. तेव्हा 'आवाज सुधारेल' या एका आशेवर महागडा डबा घेऊ नका.

आणि फोनवरून ब्लूटूथने ऐकायचं झालं, तर फोन वाजला की गाणं तुटतं, फोन घेऊन कुणी बाजारात गेलं की गाणंही बाजारात जातं. स्ट्रीमरचं तसं नाही. तो गाणं स्वतः आणतो, फोन फक्त रिमोटसारखा. विजेचंही बघा. मॉनिटरसकट साधा डेस्कटॉप शंभर वॉटच्या आसपास खातो. रोज चार तास लावला तर महिन्याला बारा युनिट. पाच वॉटचा स्ट्रीमर दिवसरात्र चालू ठेवला तरी चार युनिटच्या आत. वीज गेली आणि आली, तर तो आपला आपण सुरू होतो.

इतकं ऐकून तुम्ही दुकानाकडे निघाला असाल, तर जरा थांबा. या डब्याचा एक मोठा धोका आहे. तो कंपनीच्या मर्जीवर जगतो. 'स्क्वीझबॉक्स' नावाचा स्ट्रीमर एके काळी फार नावाजलेला होता. २००६ मध्ये लॉजिटेकने त्याची मूळ कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि २०२४ मध्ये त्याची इंटरनेटवरची सेवाही बंद केली. ज्यांची सगळी भिस्त त्या सेवेवर होती ते अडचणीत आले. पण ज्यांची गाणी स्वतःच्या कॉम्प्युटरवर होती, त्यांचे डबे घरच्या सॉफ्टवेअरवर अजूनही गातायत! सोनोस कंपनीने २०२० मध्ये आपल्या जुन्या यंत्रांना नवी सॉफ्टवेअर देणं थांबवलं; २०२४ मध्ये तिच्या नव्या अॅपवर ग्राहक इतके चिडले की जानेवारी २०२५ मध्ये तिच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. शिवाय महिन्याच्या वर्गणीवर ऐकलेलं गाणं आपलं नसतंच. वर्गणी थांबली की गाणं थांबलं. भाड्याच्या भांड्यांवर कुणी संसार मांडत नाही.

म्हणून आम्ही वाटणी केली. कॉम्प्युटर आतल्या खोलीत गेला. तो आमची कोठी. सीडी, कॅसेटी, आजीच्या ओव्या, सगळं तिथे, आणि त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर कपाटात. हॉलमध्ये आला स्ट्रीमर, तोही अशा जातीचा, ज्याला घरच्या डिस्कवरचीही गाणी वाजवता येतात आणि ज्याच्या रिमोटवर ठरलेल्या गाण्यांची चार बटणं आहेत. राउटरला छोटा यूपीएस लावला, म्हणजे वीज लपंडाव खेळली तरी वायफाय पडत नाही.

पण खरी युक्ती सासूबाईंचीच. रिमोटवरचे आकडे दिसेनात, तर त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या आरशावरच्या टिकल्या काढून बटणांवर लावल्या! लाल मोठी टिकली म्हणजे गीतरामायण. हिरवी म्हणजे नाट्यगीतं. खड्याची, बोटाला लागणारी, म्हणजे माणिक वर्मा. आणि चौथी? आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, भजनं. तर त्या हळूच म्हणाल्या, "चौथीवर मला सुलोचनाबाईंच्या लावण्या दे."

सुलोचना चव्हाण! आमच्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरात! पस्तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर राहतेय, पण हे मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? गाणं दुसरा लावून देत होता तोवर त्या जे लागेल ते ऐकत होत्या. निवड हातात आली तेव्हा आवड बाहेर आली. आता दुपारी शेजारच्या दोघी काकूही येतात, आणि लावणीच्या ठेक्यावर शेंगा सोलल्या जातात म्हणे.

सर्वांना स्ट्रीमर घ्यायलाच हवा असं मुळीच नाही. घरात एकटेच ऐकणारे असाल, कॉम्प्युटरशी दोस्ती असेल, तर एक बरासा डॅक जोडा आणि सुखाने ऐका. हाताशी पैसे कमी असतील तर आधीच गाणी भरलेला रेडिओसारखा डबाही चालतो. २०१७ मध्ये सारेगामाचा कारवां आला आणि ज्येष्ठांच्या घरात पटकन रुळला, तो त्याच्या गोल बटणामुळेच. तंत्र जुनं की नवं याच्याशी त्यांना काय देणंघेणं!

स्ट्रीमर घ्यायचाच ठरला, तर दुकानात चार गोष्टी विचारा. आपल्या जुन्या अॅम्प्लिफायरला तो जोडता येतो का? घरच्या डिस्कवरची गाणी वाजवतो का? एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये खंड पडतो का? (ख्याल दोन भागांत असेल तर हा खंड फार बोचतो.) आणि फोन हातात नसताना नुसत्या रिमोटवर चालतो का? शक्य असेल तर घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईला बरोबर न्या. रिमोट तिच्या हातात द्या, विक्रेत्याला दोन मिनिटं गप्प बसायला सांगा, आणि तिने एकटीने गाणं लावलं, तरच पैसे काढा.