साखळी-करवतीस धार कशी लावावी?

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आंबा, नारळ व सुपारी यांचीं असंख्य झाडें उन्मळून पडलीं आणि रस्ते बंद झाले. ते मोकळे करण्यास आपत्ति-निवारण दलाच्या जवानांनीं जीं हत्यारें वापरलीं, त्यांत यांत्रिक साखळी-करवत प्रमुख होती. हातकरवतीनें ज्या ओंडक्यास फार वेळ लागावा, तो ती थोड्या मिनिटांत कापते. परंतु जमिनीवर पडलेल्या खोडास माती व वाळू चिकटलेली असते, आणि त्यांच्या स्पर्शानें हिची धार पाहतां पाहतां जाते. ती पुन्हां कशी लावावी, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम दांत्याची रचना पाहूं. अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत जोसेफ कॉक्स नांवाचे एक लांकूडतोडे होते. एका किड्याची अळी आपल्या बांकदार जबड्यांनीं कठीण लांकूड डावी-उजवीकडे पोखरीत असल्याचें त्यांनीं १९४६ सालीं पाहिलें, व त्या नमुन्यावर पुढील वर्षीं नवी साखळी बनविली. त्याच तऱ्हेचे दांते आजहि प्रचारांत आहेत. एक डाव्या अंगाचा, तर पुढचा उजव्या अंगाचा. प्रत्येक दांत्यापुढें एक लहान उंचवटा असतो. दांत्यानें एका वेळीं किती जाड ढलपी काढावी, हें तो ठरवितो.

धार असलेली करवत ढलप्या टाकते; बोथट झालेली पीठ पाडते. मग मनुष्य ती जोरानें दाबूं लागतो, दमतो, आणि दमलेल्या हातांतूनच हत्यार निसटतें. म्हणून धार ही केवळ सोय नव्हे, ती सुरक्षितता आहे.

धार कानशीनेंहि लागते. पण दांते फार झिजलेले वा दगडावर आपटलेले असल्यास ग्राइंडर उपयोगीं पडतो. कारखान्यांतील साधा ग्राइंडर मात्र येथें चालत नाहीं. त्याचें रुंद चाक दांत्याच्या खांचेंत शिरत नाहीं. ज्यास साखळी धरण्याचा शेगडा व अंश दाखविणारी पट्टी आहे, असाच यंत्रप्रकार निवडावा. साखळीच्या लागोपाठ तीन रिव्हेटांमधील अंतर मोजून त्याचें अर्ध करावें. तें साखळीचें माप. लहान मापाच्या साखळीस १/८ इंच जाडीचें चाक, मोठ्या मापाच्या साखळीस ३/१६ इंचाचें, असा सर्वसाधारण नियम आहे. नवें दगडी चाक बसविण्यापूर्वीं, मडकें घेतांना आपण टिचकी मारून पाहतों त्याप्रमाणें, लांकडी मुठीनें हळूच ठोकून पाहावें. स्वच्छ नाद आला तर ठीक. आवाज बद्द आला तर चाकास चीर आहे असें समजून तें टाकून द्यावें.

आतां कृति. साखळी स्वच्छ पुसून घ्यावी. डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवावा आणि चाकाच्या समोर उभें न राहतां बाजूस उभें राहावें. सर्वांत आंखूड दांता शोधून बाकीचे त्याच्या लांबीचे करावे. एका अंगाचे दांते लांब राहिले, तर करवत तिरपी कापते. कोन बहुधा ३० अंशांचा असतो; परंतु साखळीच्या निर्मात्यानें सांगितलेला कोनच प्रमाण मानावा. एका अंगाचे सर्व दांते संपल्यावर शेगडा फिरवून दुसऱ्या अंगाचे घ्यावे.

सर्वांत मोठी चूक घाईची. चाक दांत्यावर दाबून धरलें कीं पोलाद तापून निळें पडतें व त्याचें पाणी उतरतें. असा दांता दिसावयास तीक्ष्ण, पण लांकडाशीं गांठ पडतांच बोथट होतो. म्हणून क्षणभर टेकवावें, उचलावें, पुन्हां टेकवावें.

शेवटीं उंचवटे तपासावे. पुष्कळ साखळ्यांत ते दांत्याच्या धारेहून सुमारें इंचाचा चाळिसावा भाग खालीं असतात. अधिक घासले, तर दांता लांकडांत खोल रुततो आणि करवत उसळून अंगावर येऊं शकते.

तात्पर्य, यंत्र वेग देतें, बेताची जाण देत नाहीं. ती हातास संवयीनेंच येते, आणि वारंवार थोडी धार लावणाऱ्याची साखळी सर्वांत अधिक टिकते.